चिखलीला राहतो म्हटलं की समोरच्याचा आवाज का बदलतो?

टाळगावची_लेक
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. आम्ही चिखलीला राहतो, पीसीएमसी. बाबा भोसरी एमआयडीसीतून रिटायर झालेत, मी बाणेरला नोकरी करते. सध्या घरी स्थळं बघणं चालूए. मागच्या रविवारी कोथरूडच्या एका घरी गेलो होतो, मुलगा बरा वाटला, नोकरीबिकरी चांगली, आणि चहा होईस्तोवर सगळं नीट चाललं होतं. मग त्याच्या आईने विचारलं, "चिखली म्हणजे तसं पुण्यात नाही ना?" मी म्हटलं नाही, पिंपरी-चिंचवडमध्ये येतं. तर म्हणे, "हां, तरीच. आम्ही दरवर्षी सवाईला, गाण्याच्या महोत्सवाला जातो हो, तुम्हाला तिकडून अवघडच पडत असेल, आणि तिकडे तसं वातावरणही नसतं ना." हे सगळं अगदी गोड आवाजात, पोह्यांवर खोबरं भुरभुरत. बाबा हसले. मुलगा मोबाईल बघत होता.

ऑफिसात पण तेच, "एवढ्या लांबून येतेस?" अरे हडपसरवरून येणाऱ्याला कोणी विचारत नाही, त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तर प्रश्न असा की अशा वेळी उद्धट न होता काय बोलायचं? की मीच जास्त मनाला लावून घेतेय?

वाड्यातला_म्हातारा
कोथरूडकरांनी हे बोलावं म्हणजे कमाल आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आमचं घर शनिवारात होतं, आजोबा अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. त्यानंतर किती कुटुंबं पेठा सोडून नदीपलीकडे गेली, गोखलेनगर तर पूरग्रस्तांसाठीच वसलं. आमच्या एका काकांनी कोथरूडला प्लॉट घेतला तेव्हा आमच्याच घरातले लोक म्हणायचे की तिथे कोल्हे ओरडतात, मुलगी द्यायची नाही हो त्या जंगलात. मी स्वतः ऐकलंय हे. आणि आता त्याच काकांची सून वाकड-रावेतला "लांब" म्हणते. बाणेर-बालेवाडीचं बोलायचं तर ती गावं महापालिकेत आली १९९७ ला, आता तिथले लोक पेठेत आले की पार्किंग नाही म्हणून नाक मुरडतात.

वातावरणाचं म्हणाल तर मोरया गोसावींची समाधी चिंचवडला, चापेकर बंधू चिंचवडचे, देहू तुमच्या शेजारी. आणि ज्या सवाईचा त्या बाईंना एवढा अभिमान आहे तो १९५३ ला सुरू केला भीमसेनजींनी. ते गदगचे आणि त्यांचे गुरू कुंदगोळचे, म्हणजे दोघेही "पुण्यात नाही ना".

बोलायचंच असेल तर एवढंच म्हणा, हो ना, १९८२ पासून आमची महापालिका वेगळी आहे. आणि पोहे खा.

फक्त_कामाचं_बोला
ताई, आई काय बोलली ते सोड, मुलगा मोबाईल बघत होता हे तू एका वाक्यात उरकलंस. मुद्दा तोच आहे. आया बोलतातच, माझी पण बोलते, पण मी मधे पडून विषय बदलतो. उद्या तुझे बाबा त्यांच्या घरी राहायला आले आणि कोणी काही बोललं तर हा तेव्हा पण मोबाईलच बघणार.

पुणेरी_तडका
अहो एवढं काय मनावर घ्यायचं, पुण्यात टोमणा मारल्याशिवाय माणूस चहा तरी पाजतो का? आमच्या पाट्या बघा, त्यात सगळ्यांचाच अपमान असतो, भेदभाव नाही. ही गंमत आहे, ती कळायला पण जरा पुणेकर असावं लागतं.

टाळगावची_लेक
@पुणेरी_तडका शेवटचं वाक्य परत एकदा वाचा तुमचं.

आणि गंमत असती तर ठीक होतं. घरी येताना गाडीत बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला विचारत होते की आपण तेव्हा चिखलीऐवजी निगडी प्राधिकरणात जागा बघायला हवी होती का. आयुष्यभराच्या पगारातून बांधलेलं घर आहे हो ते, वास्तुशांतीला अख्खं गाव जेवायला घातलं होतं.

पार्सलवाला
मी बाणेर-बालेवाडी साईडला डिलिव्हरी करतो, राहायला थेरगाव. तुम्हाला निदान पोहे मिळाले. आम्हाला गेटवर पहिलं वाक्य असतं "सर्व्हिस लिफ्टने जा". मोठ्या मोठ्या सोसायट्यांमध्ये पाटीच असते, डिलिव्हरी, ड्रायव्हर, कामवाल्या बायका यांनी मेन लिफ्ट वापरू नये. सर्व्हिस लिफ्ट एकच, त्यात कचऱ्याचे डबे, कोणाचं तरी फर्निचर, ती बाराव्या मजल्यावर अडकलेली, आणि इकडे ॲपवर उशीर झाला म्हणून कस्टमरचा फोन. तोपर्यंत शेजारच्या लिफ्टमधून साहेबांचं कुत्रं खाली येऊन शी करून वर पण गेलेलं असतं. कुत्र्यावर राग नाय, चांगलं होतं ते.

सगळ्यात जास्त ओरडतो तो वॉचमन. तो आमच्याच तालुक्यातला निघाला एकदा, तरी पण ओरडलाच.

आणि ताई राग मानू नका पण चिखली-मोशीला आता जे नवीन टॉवर झालेत ना, तिथे पण हीच पाटी लागलीय. मी जातो तिकडे पण.

गंजपेठेतून
पार्सलवाला दादा बरोबर बोलले, पाटी निदान दिसते तरी. घरातली दिसत नाही. किती तरी घरांत कामाच्या मावशींचा कप वेगळा असतो, ओट्याच्या कोपऱ्यात, बहुतेक कान तुटलेला, आणि ही घरं अडाणी नसतात, मुलं अमेरिकेत असतात.

पुण्यात कपाचा इतिहास जुना आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि आणखी बरेच लोक व्याख्यानाला गेले, तिथे पाद्र्यांनी चहा दिला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं पेपरात छापायला दिली आणि गावात एवढा गदारोळ झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका कप चहासाठी! आणि त्याच्या आधी, १८६८ मध्येच, तिथून जवळच गंज पेठेत फुल्यांनी स्वतःच्या घरातला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. दोन्ही पुणंच.

म्हणून मला हे नुसतं पत्त्याचं वाटत नाही. कुठे राहता, शाळा कुठली, "ण" नीट येतो का, यातून समोरचा आडनाव न विचारता बाकीचं सगळं विचारून घेतो.

सौ_स्पष्टवक्त्या
कप वेगळा ठेवतो तो स्वच्छतेसाठी. त्या चार घरी कामं करतात, सर्दी खोकला असतो. प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणायची?

गंजपेठेतून
काकू, तुमचे सगळे कप घासतं कोण?

सौ_स्पष्टवक्त्या
तो विषय वेगळा आहे.

फक्त_कामाचं_बोला
हाहाहा.
बाकी मूळ प्रश्नाचं काय झालं ताई? पुढे काही हालचाल?

टाळगावची_लेक
काल त्याचा मेसेज आला. "आई तशीच बोलते, तू मनावर घेऊ नकोस. भेटायचं का कॉफीला, डेक्कनला?" मी लिहिलं, मनावर मी नाही बाबांनी घेतलंय, त्यांच्याशी बोल, घरी ये. दोन निळ्या टिका दिसतायत, रिप्लाय नाही.

सोसायटीच्या पाटीचं म्हणाल तर आमचं स्वतंत्र घर आहे, लिफ्ट नाही. पण मावशीच्या टॉवरला आहे तशी पाटी, मी बघितलीये. तिला विचारते.

वाड्यातला_म्हातारा
घरी बोलावलंत हे उत्तम केलंत. नुसतं त्याला नको, आईसाहेबांनाही बोलवा. वनाजला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची, पीसीएमसीला उतरायचं. "अवघड पडतं" म्हणायला जागा नाही आता.

टाळगावची_लेक
काका मेट्रोपर्यंत ठीक आहे हो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला चिखली म्हणून बघा, "तिकडे नाही जात" म्हणतो. पिंपरीचाच असतो तो.