सिंहगड कुठे पळून जात नाही

बरगडीला तडा जाऊन चौथा आठवडा, दुखणं बरंच कमी, तर रविवारी सायकलने सिंहगड करू का, असं विचारलंयत. नका करू. माझ्या दोन बरगड्यांना तडा गेला होता (उतारावर खडी, चूक माझीच). हाड जुळायला साधारण ६ आठवडे लागतात. सपाटीवर काही जाणवत नाही हो. कळ येते ती खड्ड्यात, आणि चढावर उभं राहून हँडल ओढताना.

मी आधी घरीच ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) बसलो, हँडल उंच करून, २० मिनिटं. पूर्ण श्वास न दुखता घेता येतो का, एवढंच बघायचो. शिंक आली की उशी छातीशी कवटाळायची. बायको हसायची, मग मलाही हसू यायचं, ते तर शिंकेपेक्षा वाईट!

वरच्या एका उत्तरात कुणीतरी छातीला पट्टा आवळून बांधायला सांगितलंय. तो सल्ला जुना झाला. श्वास उथळ राहतो, कफ साचतो, न्यूमोनियाची भीती. उलट अधूनमधून मुद्दाम खोल श्वास घ्या. धाप लागली किंवा ताप आला तर मात्र थेट डॉक्टरांकडे.

आणि डॅनिश सायकलपटू विंगेगोचं उदाहरण राहू द्या. एप्रिल २०२४ मध्ये बरगड्या मोडून तो जुलैत टूर द फ्रान्स शर्यतीत दुसरा आला, खरंय. पण त्याला सोमवारी ऑफिस नव्हतं.