तालमीलाच जागा नसेल, तर रंगकर्मी पुण्यात टिकणार कसे?

नेपथ्यवाला (पुणे): गेली नऊ वर्षे मी प्रायोगिक नाटकांचे नेपथ्य करतो. १९६३पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेमुळे या शहरात दर वर्षी ताज्या दमाचे नट, लेखक आणि दिग्दर्शक तयार होतात. परंतु कॉलेज संपले की त्यांच्यातले बरेच जण मुंबईची वाट धरतात. आमच्या पाच जणांच्या गटातले तिघे गेले. मालिकांतला पैसा हे कारण आहेच, पण इथे काम करत राहण्याची सोयही नाही. गेल्या नाटकाची तालीम आम्ही एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली. फरशीवर खडूने दार, खिडकी आणि पलंग आखायचा आणि नऊच्या सुमारास गाड्या परतू लागल्या की त्याच पलंगावर कुणाची तरी स्कूटर उभी राहायची. तासाच्या भाड्याने हॉल घेऊन महिनाभर तालीम केली, तर पहिल्या प्रयोगाआधीच गाठीचे पैसे संपतात. महापालिकेकडे नेमके काय मागावे?

दादरकर: नवे नाट्यगृह मागू नका, त्याचे भूमिपूजन होईल आणि तारखा पुन्हा व्यावसायिक नाटकांनाच मिळतील. मुंबईतल्या दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह आठवा. १९७४च्या सुमारास ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने तिथे प्रयोग सुरू केले आणि शाळेच्या त्या साध्या सभागृहातून एक चळवळ उभी राहिली. पुढे त्यांना आधार मिळाला तोही माहीमच्या महापालिका शाळेतच. संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळा पुण्यातही आहेत.

लिफीकाठचा (डब्लिन): जागा हवीच, पण घरभाडे जागेने भरत नाही. आयर्लंड सरकारने २०२२ मध्ये पात्र अर्जदारांतून सोडत काढून २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. मूळ योजना तीन वर्षांची होती. पुरस्कार शिखरावर पोहोचलेल्याला मिळतो. हा पैसा दोन कामांच्या मधल्या कोरड्या महिन्यांसाठी होता, हा फरक मला मोलाचा वाटतो.

नेपथ्यवाला: आमच्याकडे त्या कोरड्या महिन्यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. प्रयोग झाला तर नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते. दीड महिन्याची तालीम मात्र फुकटात जमा.

माजी मुख्याध्यापिका: दादरकरांच्या सूचनेतली खरी अडचण मी सांगते, कारण अशा विनंत्या माझ्या टेबलावर येत असत. शाळा देण्याला माझा विरोध नव्हता. पण शिपायाची ड्यूटी सहाला संपते, मग रात्री साडेदहाला कुलूप कोणी लावायचे, बाक हलवताना एखादा मोडला तर भरपाई कोणी द्यायची आणि सकाळी सातच्या वर्गाआधी फरशीवरचा तुमचा खडू कोणी पुसायचा, याची उत्तरे अर्जात कधीच नसत. ‘कलेला प्रोत्साहन द्यावे’ एवढ्याच ओळीवर मी सही कशी करणार? एका शाळेपुरता, आठवड्यातल्या चार संध्याकाळींचा आणि सहा महिन्यांच्या मुदतीचा प्रस्ताव द्या. त्यात शिपायाचा जादा मेहनताना, अनामत रक्कम आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लिहा.

नेपथ्यवाला: बाई, खडूचा मुद्दा मान्य. तीन गट मिळून शिपायांचा मेहनताना आम्ही भरू शकू. अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यावा की थेट शिक्षण विभागाकडे, एवढे सांगितलेत तर या आठवड्यातच मसुदा इथे टाकतो.