म्यूझस्कोरमध्ये कॉर्डचं इन्व्हर्शन कसं लिहायचं? ६ टाकला की भलतीच कॉर्ड वाजते

नमस्कार मंडळी,

चार आवाजांची एक रचना म्यूझस्कोरमध्ये (संगीत लिहायचं सॉफ्टवेअर) उतरवतोय. पियानोवर साथ करणारा कॉर्डची नावं बघूनच वाजवतो, म्हणून ती वर हवी आहेत. हार्मनीच्या पुस्तकांत पहिल्या इन्व्हर्शनला (म्हणजे कॉर्डच्या मूळ स्वराऐवजी तिचा दुसरा स्वर खाली) ६ आणि दुसऱ्याला ६ खाली ४ असं लिहितात. पण कंट्रोल-के दाबून 'सी६' टाकलं की प्लेबॅकमध्ये ए सुद्धा ऐकू येतो! मला फक्त खाली ई असलेला सी मेजर हवा आहे.

स्टाफ टेक्स्टमध्ये (ओळींवर टाकायचा साधा मजकूर) हवं ते लिहिता येतं, दिसतंही झकास. पण रचना डी मेजरमध्ये ट्रान्सपोज केली की स्वर हलतात आणि मजकुरातला 'सी' जागचा हलत नाही. काय करावं?

प्रतिसाद १
'सी/ई' टाइप करा. दुसऱ्या इन्व्हर्शनला 'सी/जी', आणि सेव्हन्थ कॉर्डच्या (चार स्वरांच्या) तिसऱ्याला 'सी७/बी फ्लॅट' (फ्लॅटसाठी लहान लिपीतला बी). ट्रान्सपोज केलंत की 'सी/ई'चं आपोआप 'डी/एफ शार्प' होईल.

कॉर्डच्या नावातला ६ म्हणजे वरून जोडलेला सहावा स्वर: सी, ई, जी, ए. हेच चार स्वर ए मायनर सेव्हनच्या पहिल्या इन्व्हर्शनमध्येही असतात, त्यामुळे प्लेबॅक बरोबरच वाजवतोय. पुस्तकातला ६ हा फिगर्ड बासचा, खालच्या स्वरापासून मोजलेला. तो हवाच असेल तर कंट्रोल-जी, मग ६, एंटर, ४. विद्यार्थ्यांसाठी विश्लेषण करायचं असेल तर रोमन अंकांचा वेगळा प्रकार आहे. पण साथीदाराच्या कागदावर ही सगळी गर्दी नको, तो वैतागेल.

प्रतिसाद २
एक पुरवणी. स्लॅश दिसला म्हणजे इन्व्हर्शनच असं नाही. 'सी/डी'मधला डी सी मेजरचा स्वरच नाही. लिलीपाँडमध्ये (संगीत लिहायचं दुसरं सॉफ्टवेअर) तर दोन्ही वेगळे लिहावे लागतात, बाहेरचा बास असेल तर स्लॅशनंतर अधिकचं चिन्ह.

धागाकर्ता
'सी/ई' चाललं, आभार! पण वरचे स्वर कोणत्या क्रमाने यायचे ते यात कुठे सांगायचं? मला सगळ्यात वर जी हवा आहे.

प्रतिसाद १
नावात ते सांगता येत नाही, स्लॅश फक्त सर्वांत खालचा स्वर ठरवतो. तेवढ्या मात्रांपुरते पियानोचे स्वर ओळींवर लिहून टाका, नाव वर राहू द्या.