क्रिमिनल जस्टिस: आधी कम्युनिटी कॉलेज, मग ट्रान्सफर. कोणी केलंय का?

मोगरा:
नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो, लेक यंदा हायस्कूल संपवतेय. तिला क्रिमिनल जस्टिस (पोलिस, कोर्ट, तुरुंग या व्यवस्थेचा अभ्यास) शिकायचंय. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांच्या पदव्या देणारं सरकारी कॉलेज) आणि मग सॅन होजे स्टेट नाहीतर यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्व्हाइन, असं तिनेच ठरवलंय. तिच्या बाबांना वाटतं, हे पोलिसात भरती होण्याचं शिक्षण. मला वेगळीच धास्ती आहे: ही दोन वर्षं पुढे धरली जातील ना? कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस' नावाच्या दोन पदव्या दिसतात. एकीच्या शेवटी 'टी' आहे, दुसरीच्या नाही. काउन्सेलरची वेळ दोन आठवड्यांनी मिळाली आहे. तोवर तिने काय बघून ठेवावं?

उंबरठा:
मोगराताई, मी याच वाटेने गेलो. आज एका काउंटीत (जिल्ह्यात) प्रोबेशन ऑफिसर आहे, म्हणजे कोर्टाने देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवतो; अल्पवयीन मुलांच्या केसेस बघतो. तुम्ही ज्या 'टी'बद्दल विचारताय, त्यापायी माझं एक अख्खं सेमिस्टर गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

'टी' म्हणजे ट्रान्सफर. २०१० च्या कायद्याने ही पदवी आली. ती ६० युनिटांची (क्रेडिटची) असते आणि ती मिळवली की कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, सॅन होजे स्टेट तिचाच भाग) कुठल्या तरी कॅम्पसमध्ये जागा नक्की, शिवाय त्याच किंवा मिळत्याजुळत्या विषयात असाल तर उरलेल्या ६० युनिटांत बॅचलर्स पूर्ण होते. 'कुठल्या तरी' हा शब्द मुलीला दोनदा वाचायला सांगा. सॅन होजे स्टेटच मिळेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. बिनटीची पदवी बहुतेकदा थेट नोकरीत जाणाऱ्यांसाठी असते. मी दिवसा काम करायचो, संध्याकाळी जे वर्ग मिळाले ते घेतले: पोलिस रिपोर्ट लिहिणं, गस्तीची पद्धत वगैरे. शिकवणारे निवृत्त अधिकारी होते आणि मनापासून शिकवायचे. पण पुढच्या विद्यापीठाने ते नऊ युनिट मुख्य विषयात धरले नाहीत. काउन्सेलरने कुठे जायचंय हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

म्हणून भेटीला जाण्याआधी असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. तिचं कॉलेज, मग हवं ते विद्यापीठ, मग विषय निवडला की कोणता कोर्स कशाच्या बदली चालतो ते समोर येतं. दोन्ही विद्यापीठांची पानं छापून काउन्सेलरसमोर ठेवा. 'टी'वाल्या पदवीचा गाभा दोनच कोर्सचा आहे, क्रिमिनल जस्टिसची ओळख आणि फौजदारी कायद्याच्या संकल्पना. स्टॅटिस्टिक्स पहिल्याच वर्षी उरकायला सांगा. पुढे संशोधन पद्धतीचा पेपर येतो तेव्हा ते लागतंच.

अर्व्हाइनचं मात्र वेगळं. तिथला विषय 'क्रिमिनॉलॉजी, लॉ अँड सोसायटी', म्हणजे गुन्हा का घडतो आणि कायदा समाजात कसा वागतो याचा अभ्यास. 'टी'ची हमी कॅल स्टेटची, तिचा इथे उपयोग नाही. यूसीची हमी 'टॅग' नावाने मिळते, सहाच कॅम्पस ती देतात (अर्व्हाइन त्यात आहे), आणि अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो. तो १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा. मुख्य अर्जाआधीची ही तारीख बऱ्याच मुलांच्या हातून निसटते.

कम्युनिटी कॉलेजची फी राज्याच्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे साठ युनिटांचे २,७६०. पुस्तकं वेगळी.

कवडसा:
मी वकील आहे, एकच मुद्दा. मुलीच्या मनात पुढे लॉ स्कूल असेल तर विषय कोणताही चालतो, पण पहिली पदवी मिळेपर्यंत जिथे जिथे शिकली तिथले सगळे गुण लॉ स्कूलच्या अर्जात मोजले जातात. ट्रान्सफर झाल्यावर जीपीए (गुणांची सरासरी) नव्याने सुरू झाला, असं तिथे नसतं. हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे वर्गही त्यात येतात. तेव्हा पहिलं सेमिस्टर हलक्यात घेऊ नये.

मोगरा:
दोघांचे मनापासून आभार. छापील कागद नेऊच. पण तिच्या बाबांना काय सांगू? 'शेवटी पोलिसच ना' हे त्यांचं पालुपद सुटत नाही.

उंबरठा:
ताई, त्यांना जेराल्ड गॉल्टची गोष्ट सांगा. मला ती बालन्यायाच्या वर्गात पहिल्यांदा कळली. ॲरिझोनातला पंधरा वर्षांचा मुलगा, शेजारणीला फोनवर अश्लील बोलल्याचा आरोप. मोठ्या माणसाला त्याबद्दल फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. याला एकविसावं वर्ष लागेपर्यंत सुधारगृहात धाडलं. वकील नाही, तक्रार करणारी बाई कोर्टात आलीही नाही. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की मुलांनाही वकिलाचा हक्क आहे, आरोप काय ते आधी कळण्याचा हक्क आहे. आज माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक मुलाशेजारी वकील असतो तो त्या निकालामुळे. २०२३ च्या जूनअखेर कॅलिफोर्नियाने राज्याची बालकारागृहं बंद केली आणि ती मुलं काउंट्यांकडे आली. त्यांच्यासाठी प्रोबेशन ऑफिसर, समुपदेशक, पब्लिक डिफेंडरच्या (वकील न परवडणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी वकिलाच्या) कचेरीतले तपासनीस, सगळे लागतात, आणि माझ्या बरोबरचे कितीतरी जण याच विषयातून आलेत.

आणि पोलिसातच जायचं म्हटलं तरी कॅलिफोर्नियात आता वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. एफबीआय एजंटला २३, शिवाय नागरिकत्व आणि बॅचलर्स. तोवर शिकायला वेळ आहेच.

अजून एक करा. काउंटीच्या फौजदारी कोर्टात सकाळी आरोप वाचून दाखवतात, ते सहसा कुणालाही मागच्या बाकावर बसून ऐकता येतं. तिला आणि तिच्या बाबांना एकत्र पाठवा. मोबाइल बंद ठेवायचा, निदान दोन तास बसायचं.