मुलांच्या शस्त्रक्रियायोग्य आजारांची देशव्यापी सर्वेक्षणे: तिथला आकडा नंदुरबारला लावता येईल का?

शहादेकर

सप्रेम नमस्कार. आमची छोटी संस्था शहादा, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत मुलांच्या कुपोषणावर काम करते. पाड्यांवर फिरताना आमच्या कार्यकर्त्यांना अशी मुले वारंवार दिसतात की ज्यांचे दुखणे औषधगोळ्यांनी बरे होणारे नाही: कुणाच्या जांघेत अंतर्गळ (हर्निया), कुणाची पावले जन्मापासून आत वळलेली, कुणाचा हात चुलीवर भाजल्यानंतर कोपरात आखडलेला, कुणाच्या मानेवर वर्षभर वाढत असलेली गाठ. अशा मुलांना शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवण्यासाठी एक प्रस्ताव लिहायला घेतला आहे, आणि निधी देणाऱ्यांचा पहिलाच प्रश्न आहे की जिल्ह्यात अशी मुले किती.

रुग्णालयातील नोंदवहीत दारापर्यंत आलेलीच मुले सापडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशभरातील सुमारे 6 लाख 37 हजार घरे पाहिली गेली; परंतु मुलांबाबत तिथे लसीकरण, जुलाब, ताप, श्वसनाचे आजार, उंची, वजन आणि रक्तक्षय यांची विचारणा आहे, शस्त्रक्रियेच्या गरजेची नाही. शोध घेता घेता सिएरा लिओन, रवांडा, नेपाळ आणि युगांडा या चार देशांतील घरोघरच्या सर्वेक्षणांचे एकत्रित निष्कर्ष हाती लागले. त्यांत 19 टक्के मुलांना शस्त्रक्रियायोग्य आजार असल्याचे म्हटले आहे. आमचे एक सहकारी म्हणतात की नंदुरबारची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेप्रमाणे 16,48,295 आहे, त्यातील मुलांची संख्या काढून 19 टक्क्यांनी गुणा आणि मोकळे व्हा. माझे मन त्याला तयार होत नाही. हा आकडा असा वापरता येतो का, आणि येत नसेल तर आमच्यासारख्यांनी पाहणी कशी करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बालशल्य, जळगाव

आपले मन तयार होत नाही हे योग्यच आहे. या आकड्याच्या पोटात काय आहे ते आधी पाहावे लागेल.

ही चारही सर्वेक्षणे एकाच प्रश्नावलीवर झाली. रवांडात 2011 मध्ये, सिएरा लिओनमध्ये 2012 मध्ये, तर नेपाळ आणि युगांडात 2014 मध्ये. पद्धत अशी की चिठ्ठी टाकावी तशी घरे निवडायची, प्रत्येक घरातील दोन व्यक्ती त्याच रीतीने निवडायच्या आणि डोक्यापासून पायापर्यंत शरीराचा एकेक भाग घेऊन विचारायचे: इथे कधी जखम झाली का, भाजले का, गाठ आली का, जन्मतः किंवा नंतर काही व्यंग आले का. मुलांच्या वतीने आई-वडील किंवा पालक उत्तर देतात. त्यापुढे दवाखान्यात गेलात का, गेला नसाल तर पैसा, वाहन, वेळ, भीती यांपैकी काय आडवे आले, हेही विचारले जाते. या चार देशांत मिळून 6,361 मुलांची माहिती गोळा झाली. त्यातील 1,181 मुलांना असा काही आजार निघाला. हेच ते 19 टक्के. मात्र ज्यांची गरज अजून भागलेली नव्हती अशी मुले 738 होती, म्हणजे आजार असलेल्यांपैकी सुमारे 62 टक्के आणि एकूण मुलांपैकी साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. आपल्या प्रस्तावाचा विषय ज्यांच्यावर उपचार झाले नाहीत ती मुले हा असेल, तर 19 हा आकडा तिथेच गळून पडतो.

उपचार झालेल्यांत जखमा आणि भाजणे यांचे प्रमाण फार मोठे होते, तर उपचाराविना राहिलेल्यांत एक तृतीयांशाहून अधिक गाठी होत्या. हे आमच्या बाह्यरुग्ण विभागातल्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. रक्त वाहत असले की माणूस रात्री-अपरात्री ट्रॅक्टरवर बसूनही येतो. न दुखणारी गाठ मात्र कापूस वेचून होईपर्यंत, मग लग्नसराई संपेपर्यंत, मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबते.

आता आपल्या पाहणीविषयी. तोंडी उत्तरांवर किती विसंबावे हा प्रश्न या अभ्यासकांनाही पडला होता. म्हणून नेपाळमध्ये प्रश्नांच्या जोडीला प्रत्यक्ष नजरतपासणीही केली गेली आणि दोन्हींचा मेळ सुमारे 95 टक्के बसला. तरीही लहान मुलांच्या बाबतीत मी एक सावधगिरी सुचवीन. जांघेतील अंतर्गळ मूल झोपले की आत जाते आणि रडले, खोकले किंवा शौचाला जोर केला की बाहेर येते. तपासणाऱ्यापुढे शांत बसलेल्या मुलात काहीच दिसत नाही. दवाखान्यात आम्ही अशा मुलाला फुगा फुगवायला देतो. तेवढ्याने भागले नाही तर आईला सांगतो की घरी फुगवटा दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा; त्या एका फोटोवरून निदान पक्के झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी "जांघेत फुगा येतो-जातो का" हा प्रश्न वेगळा विचारावा आणि घरात फोटो असेल तर पाहावा.

याच्या उलट बाजूने आकडा फुगण्याचाही धोका आहे. बेंबीचा अंतर्गळ बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो, आणि तान्ह्या बाळाच्या अंडकोशातील पाणी बहुधा वर्ष-दीड वर्षात जिरते. ही सगळी बाळे "शस्त्रक्रियेची गरज" या रकान्यात घातली तर प्रस्ताव भारी दिसेल, पण उद्या ती आमच्याकडे पाठवल्यावर आम्हाला ती परत पाठवावी लागतील आणि पुढच्या वेळी आई येणार नाही. अंडकोशात न उतरलेल्या वृषणाचे याच्या नेमके उलट आहे. सहा महिन्यांच्या वयापर्यंत ते उतरले नाही तर पुढे आपोआप उतरण्याची आशा फारशी नसते आणि शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हायला हवी. पण त्यात दुखत काहीच नसल्यामुळे मुलगा दहावीत गेल्यावर आमच्यासमोर येतो. म्हणून प्रत्येक नोंदीत वय महिन्यांत लिहावे. ज्या रकान्यात नुसते "3 वर्षे" लिहिले आहे, त्यावरून आम्हाला उशीर किती झाला हे ठरवता येत नाही.

आकडेमोड, धुळे

डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू मांडलीच आहे. मी संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून थोडी भर घालतो.

एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाच्या एका जिल्ह्याला का लावू नये याचे उत्तर अशाच आणखी एका सर्वेक्षणात आहे. सोमालीलँडमध्ये केवळ मुलांसाठी घरोघर पाहणी झाली, दीड हजारांच्या आसपास मुले पाहिली गेली आणि प्रमाण निघाले सुमारे 12 टक्के. तिथे जन्मजात व्यंगांचा वाटा सर्वांत मोठा होता. प्रश्न विचारण्याची रीत, कोणत्या आजाराला शस्त्रक्रियायोग्य म्हणायचे याची व्याख्या आणि वयाची मर्यादा यांत थोडा फरक पडला तरी उत्तर इतके हलते. तेव्हा 19 किंवा 12 यांपैकी कोणताही आकडा नंदुरबारचा म्हणून छापू नये. संदर्भ म्हणून त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

आपली स्वतःची पाहणी किती मुलांची असावी? प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास असेल असे धरू आणि उत्तर दोन टक्के इकडे-तिकडे चालेल असे ठरवू. 95 टक्के खात्रीसाठी साध्या यादृच्छिक नमुन्यात 864 मुले लागतात. पण आपण जिल्ह्यातील सर्व मुलांच्या यादीतून चिठ्ठ्या काढणार नाही, आधी गावे-पाडे निवडणार आणि मग त्यांतील घरे. एकाच पाड्यावरच्या घरांची परिस्थिती सारखी असते, म्हणून अशा समूहनमुन्यात संख्या साधारण दुप्पट धरण्याची पद्धत आहे: सुमारे 1,730. काही घरांना कुलूप असेल, काही नकार देतील, हे जमेस धरून 1,900 ते 1,950 मुलांची तयारी ठेवावी. पाडे निवडताना लोकसंख्येच्या प्रमाणात निवडावेत, नाहीतर शहाद्याच्या सपाटीवरची मोठी गावे आणि तोरणमाळच्या बाजूची दहा घरांची वस्ती यांना सारखेच वजन मिळेल.

आता या 1,900 मुलांत काय सापडणार नाही तेही लिहून ठेवावे. वाकड्या पावलांचे प्रमाण हजार जन्मांमागे सुमारे एक असते. म्हणजे एवढ्या श्रमानंतर हाती दोन मुले येतील, कदाचित एकही नाही, कदाचित चार. त्यावरून "जिल्ह्यात वाकड्या पावलांची मुले इतकी" असे विधान करणे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे काम. घरोघरची पाहणी अंतर्गळ, गाठी, भाजल्यानंतरचे आखडणे, नीट न जुळलेली हाडे अशा बऱ्यापैकी आढळणाऱ्या गोष्टी मोजायला उपयोगी आहे. दुर्मीळ जन्मजात व्यंगांसाठी प्रसूतिगृहातील जन्मनोंदच हवी.

त्याहून गंभीर त्रुटी जिवंत नसलेल्यांबाबत आहे. ज्या बाळाला जन्मतः गुदद्वार नाही किंवा ज्याची अन्ननलिका जोडलेली नाही, ते शस्त्रक्रियेविना बहुधा काही दिवसच जगते. सहा महिन्यांनी आपण त्या घरी गेलो तर तिथे आजारी मूलच नसते आणि रकाना कोरा राहतो. मग जिथे सोयी सर्वांत वाईट तिथेच प्रमाण कमी दिसावे, असा विपरीत प्रकार घडतो. मूळ प्रश्नावलीत यासाठी गेल्या वर्षभरात घरात झालेल्या मृत्यूंची आणि मृत्यूपूर्वीच्या आठवड्यातील लक्षणांची विचारणा आहे. सिएरा लिओनमध्ये त्यावरून असे दिसले की घरांत झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश वेळेवर शस्त्रक्रिया मिळती तर कदाचित टळले असते. तो भाग कृपया गाळू नये, लांबतो म्हणून सगळ्यात आधी त्यालाच कात्री लागते.

सातपुड्याची ताई

मी धडगाव भागात आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. सरांचे गणित बरोबरच असेल, पण ते कोणत्या महिन्यात करणार हे कुणी विचारले नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि लहान लेकरे आईबरोबरच जातात. डिसेंबर-जानेवारीत पाहणी केली तर पाड्यावर म्हातारी माणसे आणि कुलपे मोजून याल, आणि जी लेकरे फडावर चुलीपाशी भाजतात किंवा बैलगाडीखाली येतात तीच नेमकी यादीबाहेर राहतील. भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला माणसे घरी परततात. होळीचे दिवस सणाचे, तेव्हा कुणी तुमच्याशी बोलायला बसणार नाही. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे धरावेत. पावसाळ्यात नाले भरले की काही पाड्यांवर जाताच येत नाही आणि नर्मदाकाठच्या गावांना तर बोटीनेच जावे लागते.

दुसरे सांगणे असे की आमच्या डोंगरात घरे एकमेकांना लागून नसतात. दर पाचवे घर असे कागदावर लिहिले, तर पाचवे घर समोरच्या टेकडीवर असते. सर्वेक्षण करणारी तरुण मुले दुपारी दमतात आणि रस्त्यालगतची घरे भरून मोकळी होतात, हे मी अनेक पाहण्यांत बघितले आहे. घरांची निवड त्यांच्या हाती देऊ नका, आदल्या दिवशी नकाशावर नक्की करून द्या.

प्रश्न पावरी आणि भिलीत विचारणारी बाई सोबत हवीच. मोठ्या मुलींच्या अंगावरच्या गाठीबद्दल पुरुषाने विचारले तर उत्तर "काही नाही" असेच येणार. मुलाच्या जांघेबद्दल मात्र आई मोकळेपणाने बोलते, फक्त त्या वेळी सासरा ओट्यावर बसलेला नसावा. आणि पोटावर डाग दिल्याचे (गरम लोखंडाने डागल्याचे) व्रण दिसले तर रागावू नका. ते लेकरू कधीतरी पोटाने हैराण होते हे तुम्हाला त्या व्रणावरूनच कळणार आहे. ते का दिले, कधी दिले, हे शांतपणे विचारावे.

शहादेकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. गुणाकाराचा विचार सोडून दिला आहे. ताईंच्या सूचनेप्रमाणे होळीनंतरचा काळ धरतो आणि मृत्यूंची विचारणा प्रश्नावलीत शेवटी न ठेवता मध्यावर घेतो, म्हणजे ती कापली जाणार नाही. एक शंका उरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. मग त्यांच्याच नोंदी वापरल्या तर वेगळ्या पाहणीची गरज आहे का?

बालशल्य, जळगाव

गरज आहे, पण त्यांना वगळून नव्हे. हा कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला आणि त्यामुळे फाटलेले ओठ, वाकडी पावले, हृदयाचे जन्मजात दोष असलेली पुष्कळ मुले वेळेत शस्त्रक्रियेपर्यंत आली, हे मी स्वतः पाहतो. तथापि त्याच्या मूळ यादीत एकूण तीस आजार आहेत आणि त्यांतील जन्मजात दोष नऊ. अंतर्गळ, न उतरलेले वृषण, भाजल्यानंतरचे आखडणे, गाठी हे त्या यादीत नाहीत. पथकातील डॉक्टरांनी ते पाहिले तर ते पाठवतातही, पण नोंदीच्या तक्त्यात त्यांना स्वतःची जागा नसल्यामुळे मोजणीत ते येत नाहीत. शिवाय ज्या दिवशी पथक आले त्या दिवशी अंगणवाडीत नसलेले मूल, शाळा सोडलेले मूल आणि फडावर गेलेले मूल या नोंदीत नसते. तुमच्या पाहणीत प्रत्येक मुलामागे एक प्रश्न वाढवा: गेल्या वर्षात पथकाने याला तपासले का? त्यातून त्यांची व्याप्तीही कळेल, आणि जिल्हा प्रशासनाला तुमच्या आकड्यात रस वाटायला तेवढे एक कारण मिळेल.

आणखी एक अट मी आग्रहाने घालतो. पाहणीला निघण्यापूर्वी धुळे, नंदुरबार किंवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी किमान एकाशी बोलून सापडलेल्या मुलांची तपासणी कोणत्या वारी होईल, लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते, हे लेखी ठरवून घ्यावे. जांघेतला फुगा कडक झाला, मूल ओकू लागले आणि फुगा आत जात नसेल, तर तपासणीच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी 108 ला फोन करावा. ही सूचना तुमच्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असू द्या. प्रश्नावलीचा मसुदा तयार झाला की इथे टाका, आजारांच्या व्याख्या मी तपासून देतो.