पहिला परदेशी ग्राहक नक्की कुठून आला? अनुभव लिहा

कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घेऊन परदेशात विकायचा घाट घातलाय. माल तयार, कागदपत्रं तयार, फक्त घेणारा नाही. अडीच महिन्यांत ४१२ ईमेल पाठवले आणि तीन उत्तरं आली. एक 'मी रजेवर आहे' असं आपोआप येणारं. दुसरं 'आमच्याकडे दहा हजार खरेदीदारांची यादी आहे, घेता का?' आणि तिसरं एका शब्दाचं: 'नको'. खरं सांगते, त्या 'नको'चा आनंद झाला. निदान पलीकडे माणूस होता.

सल्ले भरपूर वाचून झालेत, 'मार्केट रिसर्च करा' वगैरे नको. तुमची पहिली ऑर्डर नेमकी काय केल्यावर आली आणि फसला असाल तर कसे, एवढंच लिहा. ग्राहकाचं नाव अर्थातच नको.

रबरी गास्केटवाला

मीही असेच ईमेल फेकत होतो, तुमच्यापेक्षा जास्तच. त्यातून सुटलो तो एचएस कोडमुळे, म्हणजे आयात-निर्यातीत प्रत्येक प्रकारच्या मालाला दिलेल्या आकड्यांमुळे. माझा कोड ४०१६९३, म्हणजे व्हल्कनाइज्ड रबराचे गास्केट, वॉशर, सील. हे पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या जगात सारखेच, पुढचे प्रत्येक देश आपापले जोडतो. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं 'ट्रेड मॅप' आहे. त्यात कोड टाकला की कोणता देश किती माल घेतो आणि कोणाकडून घेतो ते दिसतं.

मी काय केलं, तर सगळ्यात वरचा देश धरला. सहा महिने वाया. तिथे शेजारच्या देशातून ट्रकने दोन दिवसांत माल पोचतो आणि माझा पाच आठवडे समुद्रात. मग यादीच्या मधला एक देश घेतला, जिथे आयात थोडी थोडी वाढतेय आणि विकणारे सगळे माझ्याइतकेच लांबचे आहेत. तिथल्या आयातदार संघटनेच्या सभासद यादीत ६३ नावं होती. एकेकाची वेबसाइट उघडून पाहिली तर गास्केट विकणारे निघाले फक्त १९. त्या १९ जणांना फोन केले. ईमेल नाही, फोन.

दहावा की अकरावा असेल, म्हणाला, 'आमचा पुरवठादार चांगला आहे, फक्त एक मोठा साइझ कायम उशिरा देतो.' तेवढा एकच साइझ करून पाठवला, प्रत्येक नगाला मापाची चिठ्ठी बांधून. तीन वर्षं तो माझ्याकडून तेवढंच घेत होता. आता सगळं घेतो.

यंत्रांचे सुटे भाग

वरच्यात एक भर. अमेरिकेत समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या जहाजांच्या याद्या सार्वजनिक असतात (काही कंपन्या अर्ज करून आपलं नाव झाकून घेतात, ते सोडा). ती माहिती विकणारे बरेच आहेत. त्यातून मला आयातदाराचं नावच नव्हे, तो कितीदा मागवतो तेही कळलं. आणि मी शहाण्याने पहिल्याच फोनवर 'तुम्ही अमक्याकडून माल घेता ना?' असं विचारलं. समोरून फोन आपटला. माहिती असू द्या, दाखवू नका.

टेबलाच्या पलीकडून

मी विकणारी नाही. आयात करणाऱ्या एका कंपनीत खरेदी बघते, त्यामुळे इथे लिहावं का, असा विचार करत होते.

नव्या पुरवठादारांचे तीस-चाळीस ईमेल रोज येतात. ताई, राग मानू नका, तुमचा ईमेल न बघता सांगते, सुरुवात 'आम्ही अग्रगण्य उत्पादक असून उत्तम गुणवत्ता व वाजवी दर' अशीच असणार. ही ओळ दिसली की माझं बोट आपोआप डिलीटवर जातं. त्यात माझ्या कामाचं काहीच नसतं हो.

मला एवढंच हवं असतं: कापडाचं वजन किती, कमीत कमी किती नग द्याल, ऑर्डरनंतर किती दिवसांत माल जहाजावर चढेल, आणि एफओबी भाव (म्हणजे माल तुमच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च धरून), बंदराच्या नावासकट. 'एक्स-वर्क्स', म्हणजे नुसता कारखान्याच्या दारातला भाव आला की मी तो बाजूला ठेवते. त्या अटीवर तुमच्या देशातलं निर्यातीचं कस्टम्सही मी सोडवायचं असतं. ते मी इथे बसून कसं करणार? आणि जोडलेली फाइल २० एमबीची नको. एक पान, दोन फोटो, त्यातला एक शिवणीचा अगदी जवळून. शिवण बघितली की मला निम्मं कळतं.

अजून एक. आमचे पुरवठादार बदलायची वेळ वर्षातून फार तर दोनदा येते. आज मी उत्तर दिलं नाही म्हणजे 'नाही' असं नसतं. पण दर आठवड्याला 'माझा ईमेल मिळाला का?' असं विचारणाऱ्याला मी ब्लॉक करते. तीन-चार महिन्यांनी काहीतरी नवीन सांगायला आलेला मात्र लक्षात राहतो.

घरसजावटीच्या वस्तू

प्रदर्शनाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. फ्रँकफर्टच्या अँबियंटे या घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनात पहिल्या वर्षी स्टॉल घेतलाच नाही, नुसती हिंडले. शेवटच्या दुपारी पायांचे तुकडे पडले होते, पण आपल्यासारखा माल कोणत्या हॉलमध्ये, कोणत्या भावात मांडतात ते कळलं. दुसऱ्या वर्षी स्टॉल घेतला. १६० कार्डं जमली. प्रत्येकाच्या मागे लगेच पेनने लिहून ठेवलं: 'निळा रंग आवडला', 'हँडल लहान हवं'. न लिहिलेली कार्डं हॉटेलवर गेल्यावर सगळी सारखीच दिसतात.

ऑर्डर आल्या शून्य. तिसऱ्या वर्षी जाऊ नये असं घरच्यांचं मत. गेले. एक बाई सरळ स्टॉलवर आल्या आणि म्हणाल्या, 'परत आलात, बरं झालं.' एकदा दिसून गायब होणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पहिला ग्राहक त्याच. बजेट असेल तर दोन वर्षांचं ठेवा, नाहीतर स्टॉलच्या नादी लागू नका.

सिरॅमिकवाला

ग्राहक मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. ३० टक्के आगाऊ आले, माल गेला, बाकीच्या पैशांची वाट बघत बसलो. ग्राहक म्हणतो, पाठवले. कुठे? 'तुम्ही ईमेलने कळवलेल्या नव्या खात्यावर.' मी काहीच कळवलं नव्हतं. आमच्या पत्रव्यवहारात कोणीतरी शिरून कंपनीच्या नावातल्या इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन जोडून पत्ता बनवला होता. पडद्यावर फरक दिसतच नाही. नुकसान शेवटी दोघांनी वाटून घेतलं. आता माझ्या प्रत्येक इनव्हॉइसवर ठळक ओळ असते: आमचं बँक खातं ईमेलने कधीही बदलणार नाही, तसा निरोप आला तर जुन्या नंबरवर फोन करा.

कागदाची पॅकिंग

एलसी (कागदपत्रं बरोबर असतील तर पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची हमी) आहे म्हणून मीही निर्धास्त होतो. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, एलसीत वेगळं लिहिलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत बँकेला कागदपत्रं द्यावी लागतात. माझी २३ व्या दिवशी पोचली. तेवढ्यात बाजारभाव उतरला होता. ग्राहकाने त्या दोन दिवसांवर बोट ठेवून सूट मागितली, आणि मी दिली. काय करणार, माल त्याच्या बंदरात पडून.

धागाकर्ती

टेबलाच्या पलीकडच्या ताई, सुरुवात अगदी तशीच होती. लाज वाटली. नवा ईमेल लिहिला: कापडाचं वजन, किमान नग, दिवस, एफओबी, शिवणीचा फोटो. ट्रेड मॅपवरून एक देश निवडला आणि फक्त ११ जणांना पाठवला. एकाने नमुना मागितलाय! पण फुकट हवाय, कुरिअरसकट. काय करू?

रबरी गास्केटवाला

नमुना फुकट द्या, कुरिअर नको. त्याच्या कुरिअर खात्याचा क्रमांक मागा, म्हणजे खर्च त्याच्या खात्यावर पडेल. घेणारा असेल तर देईल. फुकट्या असेल तर गप्प बसेल.

धागाकर्ती

मागितला होता. चार दिवस काहीच नाही, मी सोडून दिलं होतं. आज सकाळी क्रमांक आला. उद्या पार्सल जातंय. आत्ता पिशव्यांच्या कडांचे सुटलेले दोरे कापत बसलेय.