मदत हवी आहे : लंडनच्या रीजंट्स कालव्यातील बोटफेरी, गुडघेदुखी असलेल्या वडिलांसह

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन लंडनला जाण्याचे ठरले आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले असल्यामुळे त्यांना राजवाड्यांपेक्षा शहराच्या मधून जाणारा रीजंट्स कालवा पाहण्याची अधिक उत्सुकता आहे. त्यांनी सांभाळलेले कालवे शेतापर्यंत पाणी नेणारे, म्हणजे सतत उताराने वाहणारे होते. हा कालवा मात्र मालवाहू होड्यांसाठी खोदलेला, जवळजवळ स्थिर पाण्याचा आणि जमिनीचा उतार लॉकच्या (म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली, आतली पाण्याची पातळी कमी-जास्त करून बोटीला वर-खाली नेणारी कोठी) साहाय्याने पायरीपायरीने उतरणारा आहे. एवढा मोठा फरक त्यांना निवांतपणे, बोटीत बसून पाहता यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पॅडिंग्टनजवळचे लिटल व्हेनिस ते कॅम्डेन अशी अरुंद, लांबट बोटींची फेरी असते आणि एका बाजूचा प्रवास साधारण पाऊण तासाचा असतो, असे कळले. वाटेत २४९ मीटर लांबीचा मैडा हिल बोगदा, रीजंट्स पार्कची कडा आणि प्राणिसंग्रहालय लागते. कालव्याचा हा पश्चिमेकडील भाग १८१६ मध्ये आणि थेम्सकाठच्या लाइमहाउसपर्यंतचा संपूर्ण मार्ग १८२० मध्ये खुला झाला. मात्र नकाशा नीट पाहिल्यावर लक्षात आले की कालव्यावरील सगळी १२ लॉक कॅम्डेनपासून पुढे आहेत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी बाबा एवढे उत्सुक आहेत, तिच्याजवळ पोहोचताच फेरी संपते.

फेरी लिटल व्हेनिसहून सुरू करावी की कॅम्डेनहून? बाबांना सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही आणि खोल पायऱ्या उतरताना आधार लागतो, तर बोटीत चढणे-उतरणे त्यांना कितपत जमेल? आणि काठावर उभे राहून लॉकचे काम जवळून पाहू देतात का? ज्यांनी वयस्कर माणसांसोबत ही फेरी केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

लिटल व्हेनिसहूनच निघा. शांत पाण्यातून, झाडांच्या सावलीतून हळूहळू पुढे जात शेवटी लॉकपाशी पोहोचणे हाच आपल्या वडिलांसाठी योग्य क्रम आहे. वेगाची चिंता करू नका, कारण इंग्लंडमधील अशा कालव्यांवर कमाल वेगच ताशी ४ मैल असतो.

कॅम्डेनला उतरल्यावर हॅम्पस्टेड रोड लॉक अगदी जवळ आहे आणि काठावर उभे राहून ते पाहण्यास कोणतीही आडकाठी नसते. इथे आपल्या वडिलांना पुष्कळ वेळ द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बोटीवरची माणसे स्वतःच खाली उतरून हँडलने झडपा उचलतात, कोठीतील पाणी बाहेरच्या पातळीला आले की दरवाजाला जोडलेल्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून तो ढकलतात, आणि मग बोट पुढे सरकते. दरवाजांची जोडी वरच्या पाण्याकडे टोक करून मिटते, त्यामुळे पाण्याचा दाबच तिला घट्ट धरून ठेवतो. वेगळ्या कडी-कुलपाची गरज पडत नाही. या कालव्यावरील सगळी लॉक मुळात जोडीने बांधलेली होती, पण पुढे इतर ठिकाणी जोडीतील एका कोठीचा सांडवा (जादा पाणी वाहून जाण्याची वाट) करण्यात आला. दोन्ही कोठ्या वापरात असलेले हॅम्पस्टेड रोड हे एकच उरले आहे. सांडवा म्हटल्यावर वडील पुढच्या हॉली लॉककडेही आपणहून वळतील, असे मला वाटते.

एक गोष्ट वाटेतच दाखवा. रीजंट्स पार्कच्या कडेला मॅकल्सफील्ड पूल लागतो. १८७४ मध्ये दारूगोळा नेणाऱ्या नावेचा त्याच्याखाली स्फोट झाला, तिच्यावरील तिघे दगावले आणि पूल कोसळला. नव्या पुलासाठी जुनेच लोखंडी खांब वापरले, पण ते फिरवून बसवले. नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी पडलेल्या खाचा म्हणूनच त्या खांबांच्या दोन्ही अंगांवर दिसतात.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त गुडघ्यांसंबंधी थोडे सांगतो. या फेरीतल्या बऱ्याच बोटी जुन्या मालवाहू नावांपासून केलेल्या असल्याने बसण्याची जागा काठापेक्षा खाली असते आणि आत जाण्यासाठी काही अरुंद पायऱ्या उतराव्या लागतात. हाताला धरण्यासारखे काही असले तर त्या जमतात, पण घाईने नव्हे. तेव्हा तिकीट काढतानाच तसे सांगून सर्वांत आधी बसण्याची परवानगी मागावी. चाकाच्या खुर्चीची गरज पडत असल्यास ती सोय असलेली बोट आधीच विचारून ठरवावी, कारण प्रत्येक बोटीत ती नसते.

वॉरविक अव्हेन्यू स्थानक लिटल व्हेनिसच्या सर्वांत जवळ आहे, परंतु तिथे लिफ्ट नाही. पॅडिंग्टनला लिफ्टने वर येऊन पाण्याकाठच्या सपाट वाटेने सावकाश चालत जाणे त्यांना सोपे पडेल, आणि त्या वाटेवर बसायला बाकही आहेत. कॅम्डेन टाउन स्थानकातही लिफ्ट नसल्यामुळे परतीसाठी बसच घ्यावी. कॅम्डेनच्या काठावरची दगडी फरसबंदी उंचसखल आहे आणि शनिवार-रविवारी तिथे चालायला जागा उरत नाही, म्हणून मधल्या वारी सकाळची पहिली फेरी घ्या.